चूल पेटते

विमानतळावरून परत आलेल्या ट्रकमधून उतरवलेली खोकी मी दोनदा मोजली. कारल्यांची एकशे अठरा, भेंडीची चाळीस, मिरचीची एकवीस. एकूण एकशे एकोणऐंशी. चिकटपट्टी शाबूत असलेली फक्त बारा. उरलेली सगळी कापून उघडलेली होती, मग कशीतरी मिटलेली, आणि आत कारल्यांच्या खाचांमध्ये पांढरी पूड बसली होती. कुठल्या गोदामात, कुणी टाकली, ते ट्रकवाल्याला माहीत नव्हतं. विमान गेलं नाही एवढंच त्याला माहीत होतं. मी थोडी पूड बोटावर घेऊन हुंगली आणि लगेच वाटलं, हे करायला नको होतं. गॅमेक्सिन. तो कुबट, गोडसर वास मग दिवसभर नाकात राहिला. मी हात तीनदा साबणानं धुतले, तरी डब्यातली भाकरी तोंडाजवळ नेली की तोच वास. सापगावला आमच्या घरी मलेरियाची माणसं फवारायला यायची तेव्हा आई सगळं अंगणात काढायची: उतरंड, ताटं, देव, पितळेचा दिवा. मी पायरीवर बसून त्या वस्तू मोजायची, कारण मोजत राहिलं की भीती वाटायची नाही. ती माणसं गेल्यावर दारावर गेरूनं तारीख लिहिलेली असायची. घर तेच, पण दोन दिवस आपलं वाटायचं नाही. भिंतीवरच्या पांढऱ्या डागांखाली पाली मरून पडायच्या. आई म्हणायची, आता रोग नाही. मला प्रश्न पडायचा की हिला कसं कळलं.

"कारली मोजून गोड नाय व्हायची, मॅडम," अनंता म्हणाला. अनंता आमच्या शेडचा टेम्पो चालवायचा. टोकावड्याच्या वरच्या वाड्यांमधून माल गोळा करून मुरबाडला आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणायचा, आणि मी तो निवडायची: वीतभर लांब, सरळ, डाग नसलेलं कारलं आखाताला, वाकडं कल्याणला. कल्याणच्या कॉलेजातून वनस्पतिशास्त्र घेऊन पास झाल्यावर दोन वर्षं मी हेच करत होते. "खड्डा खणू का यांना?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, खण, पण ओढ्यापासून लांब. तो म्हणाला, "रोग सुरतेला, मयत मुरबाडात. बरा हाय." आणि फावडं शोधायला गेला.

ते एकोणीसशे चौऱ्याण्णव साल होतं. सुरतेहून प्लेगची बातमी आली आणि आठवड्याभरात एसटीतली माणसं तोंडाला रुमाल बांधून बसू लागली. माझा भाऊ वाशिंदच्या कारखान्यात होता. तिथल्या दवाखान्यातून त्यानं टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल आणल्या आणि आईनं त्यातल्या सहा पुरचुंडीत बांधून माझ्या पिशवीत टाकल्या. मी दोन घेतल्या. पोटात आग पडली, आणि ती आग औषधाची की रोगाची याचा विचार करत मी खोलीवर पालथी पडून राहिले. रोज सकाळी वर्तमानपत्रात मी एकच शोधायची, कुणी काय थांबवलं. काही देशांनी विमानं थांबवली, काहींनी माणसं, काहींनी सगळंच. पण सगळं बंद पडलेलं नव्हतं. कुणाचा तरी माल कुठे तरी जातच होता, आणि तो कुणाचा आणि का, हे मला समजून घ्यायचं होतं. आमचं का तुटलं ते समजत होतं. आमचं गिऱ्हाईक एक, विमान एक, आणि माल असा की दोन दिवस थांबला तर पिवळा पडतो. तीन ठिकाणी प्रत्येकी एकच धागा. कॉलेजात एकदा आम्ही कोळ्याच्या जाळ्यातले धागे एकेक कापून बघितले होते. पाचवा धागा कापला तरी जाळं नुसतं सरकलं, पुन्हा ताणलं गेलं. तेव्हा मी वहीत आकडा लिहिला आणि पुढच्या प्रयोगाकडे वळले. आता शेडमध्ये उघड्या खोक्यांपुढे उभी राहून ते सरकणं मला पुन्हा दिसत होतं.

मालकांचा फोन दुपारी आला. ते कल्याणला बसत आणि फोनवर नेहमी दुसऱ्या कुणाशी तरी बोलत असल्यासारखे बोलत. आखातवाला पुढच्या हंगामात बघू म्हणतोय, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "तुझ्या त्या काचऱ्यांचं मात्र जमतंय बघ." पावसाळ्यात मी वाकड्या कारल्यांच्या चकत्या करून, मीठ लावून, वाळवून बघितल्या होत्या, आमच्याकडे घरोघरी करतात तशाच काचऱ्या, फक्त मी त्यातलं पाणी मोजलं होतं. मालकांनी त्याचं एक पाकीट मुंबईतल्या एका औषधवाल्या व्यापाऱ्याकडे टाकलं होतं. साखरेच्या आजारावर पूड करून तो जहाजानं परदेशी पाठवणार होता. जहाजाला महिना लागतो. तेवढ्या वेळात जो रोग असेल तो उघडा पडतो किंवा मरतो, काचऱ्यांना काही होत नाही. थांबू शकणारा माल. मी हे इतक्या घाईनं बोलले की मालक हसले. "कागद हवा फक्त. माल ज्या वाडीचा त्या वाडीत रोग नाही, एवढं लिही, खाली वाडीतल्या एकाचा अंगठा घे, शेडचा शिक्का मार. उद्या दुपारच्या आत फॅक्स आला तर घेतो म्हणतो, नाही तर दुसरीकडून घेईल. आणि मग शेडला कुलूप लावू, काय करणार." मी विचारलं, रोग नाही हे कुणी बघितलंय? ते म्हणाले, "तू सायन्सची ना? मग तूच लिही."

मालकांचं वाक्य फोनवर ऐकतानाच कागदावर टिपलं होतं; ते नीट लिहायला बसले आणि "नाही" या शब्दापाशी थांबले. सूक्ष्मदर्शकाखाली बघायला शिकवणारे आमचे सर हा शब्द लिहू देत नसत. काचपट्टीवर जंतू दिसला नाही तर "नाही" लिहायचं नाही, "दहा क्षेत्रांत दिसला नाही" लिहायचं. एकदा मी "नाही" लिहिलं तेव्हा त्यांनी वही परत ढकलली होती आणि विचारलं होतं, अकराव्यात बघितलंस? तेव्हा राग आला होता. आता ती सवय अंगात इतकी मुरली होती की तीन शब्दांचं वाक्य मला लिहिता येईना. वाडी टोकावड्याच्या वर, डोंगरातली, ठाकरांची. सत्तावीस घरं, बियाणं मीच घरोघर वाटलं होतं म्हणून आकडा पक्का माहीत. ज्या उतारांवर गेल्या वर्षी नाचणी आणि वरी होती तिथे यंदा निम्म्या जागेवर कारल्याचे मांडव उभे होते. मी सांगितलं म्हणून. नाचणी विकली गेली नाही तर खाता येते. कारलं उतरवलं नाही तर वेलावरच पिवळं होतं, फुटतं, आतल्या लाल बिया दिसायला लागतात आणि पाखरं येतात. माझ्या डोक्यात सारखं ते फुटलेलं, लाल तोंडाचं कारलं येत होतं. मी कागदाची घडी घातली आणि अनंताला म्हटलं, टेम्पो काढ.

"वर बांधल्यान म्हंतात," अनंता गाडी चालवताना म्हणाला. म्हणजे काय, मी विचारलं. "वाडी बांधली. शीव बांधली. आत कायतरी असंल तवाच बांधतात ना." रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात पिवळं झालं होतं, धाब्यांसमोर ट्रक उभे होते, टोकावड्याला चहाच्या गाडीवर माणसं रुमाल हनुवटीवर ओढून चहा पीत होती आणि पिऊन झाल्यावर पुन्हा नाकावर घेत होती. आत कायतरी असंल. हे तीन शब्द माझ्या मांडीवरच्या कागदातल्या तीन शब्दांवर येऊन बसले. वाडीत रोग नाही. आत कायतरी असंल. टेम्पो पायवाटेशी थांबला. अनंता खिंडीच्या अलीकडच्या वळणापर्यंत आला आणि तंबाखू मळत दगडावर बसला. "मी हितून बघतो. तुमी शिकलेल्या, तुमाला होनार नाय."

खिंडीत वाटेच्या दोन्ही बाजूंना बांबू रोवले होते, मध्ये दोरी, दोरीला निरगुडीच्या सुकत आलेल्या फांद्या. दोरीखाली एक सपाट दगड. दगडावर मिठाची पिशवी, रॉकेलचा डबा, काड्यापेट्यांचा पुडा. शेजारी पाटीत काकड्या आणि पडवळं. टोकावड्याचा दुकानदार खालून आणून ठेवतो, वरची माणसं तो गेल्यावर उचलतात आणि आपलं ठेवतात, हे मला बघता बघता समजलं. इथे कुणी कुणाला शिवत नव्हतं आणि काही थांबलंही नव्हतं. खाली ओंजळीसारख्या खोलगट जागेत वाडी, सगळी छपरं एका नजरेत दिसणारी, मधूनमधून मांडवांचे हिरवे चौकोन. मला शाळेतला अर्धपार्य पडदा आठवला, साखरेच्या पाण्यात बुडवलेला, एकाला जाऊ देणारा आणि दुसऱ्याला अडवणारा. तेव्हा बाईंनी विचारलं होतं, पडद्याला कसं कळतं?

मंगळूबाबा आतल्या बाजूनं वर आले आणि दोरीपासून लांबच उभे राहिले. वाडीत त्यांचा शब्द चालायचा. मांडव घालायला पहिले तेच तयार झाले होते. मी दोन पावलं पुढे गेले तशी त्यांनी काठी आडवी धरली.

"तितंच ऱ्हा, बाय. कंच्या गावावरनं आलीस?"

"मुरबाडवरून. तुम्ही ओळखता ना मला, मंगळूबाबा."

"वळखतो म्हनून तर इचारतो. मुरबाडात कोन खोकतंय?"

"कुणी नाही."

"यवढ्या मोठ्या गावात कुनी खोकत नाय?" ते हसले. "मंग लबाड गाव हाय."

मी विचारलं, दुकानदाराचं मीठ चालतं, मग माझं येणं का नाही? ते म्हणाले, "बांधला तो मानसाला बांधला. मिठाला कोन बांधंल?" मग मी कागद काढला, वाचून दाखवला, काचऱ्यांचं सांगितलं, जहाजाचं, उद्या दुपारचं. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. अंगठ्याचं आलं तशी मान हलवली. "असा बोलाचा नाय."

"कसं?"

"तू वाचलास तसा. हितं अमुक नाय, तमुक नाय. शिवंवर उभा ऱ्हाऊन तेचा नाव घेतला आनि नाय बोल्ला, का तो ऐकतो. म्हनतो, नाय काय? थांब, येतो. आमी कुनी अंगठा देनार नाय."

"मग वाडीत सगळे बरे आहेत का, एवढं तरी सांगा."

"चूल पेटते," ते म्हणाले.

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, त्याच आवाजात, जसं आपण कुणी कसे आहात विचारल्यावर ठीक म्हणतो. बांधलेल्या शिवेवर उत्तर हेच द्यायचं असतं हे मला कळलं, आणि राग आला, आणि मग तो राग हळूहळू दुसऱ्याच कशात तरी बदलला. चूल पेटते, म्हणजे पेटवणारं कुणी तरी उभं आहे. "नाही" म्हणायला ते तयार नव्हते आणि लिहायला मीही नव्हते. पण पेटलेली चूल दिसते. छपरातून धूर निघतो. सत्तावीस घरं, आणि मी अशा जागी उभी होते जिथून सगळी दिसत होती. मंगळूबाबांना म्हटलं, मी इथे बसते आणि संध्याकाळचे धूर मोजते, ते लिहिलं तर चालेल? "धूर कुनाचा ऐकत नाय," ते म्हणाले. "मोज."

ऊन उतरू लागलं तसे धूर निघू लागले. आधी ओढ्याकडच्या तीन घरांतून, मग वडाखालच्या, मग एकदम पाच-सहा. कौलांतून, पेंढ्यातून, कुठे कुडाच्या फटीतून. मी प्रत्येक घराला आकडा देऊन कागदाच्या मागच्या बाजूला छपरांचा नकाशा काढला आणि खुणा करत गेले. धूर एकमेकांत मिसळण्याआधी मोजायला हवे होते, म्हणून नजर हलवता येत नव्हती. डोळ्यांत पाणी यायला लागलं. आजारी माणूसही चूल पेटवतो, हेही मनात आलं. एका घरात सहा माणसं असतात, एक उभं असलं तरी धूर निघतो. ही पद्धत ढोबळ आहे. पण मालकांच्या तीन शब्दांपेक्षा बरी आहे. सव्वीस. मी पुन्हा मोजले, उलट्या बाजूनं. सव्वीस. डावीकडच्या टोकाचं, मांडवाला लागून असलेलं घर कोरडं होतं. दार लावलेलं. छपरावर काही नाही. मी नकाशावर त्या घराभोवती गोल काढला.

"ते घर कुणाचं?" मी विचारलं. उत्तर आलं ते वाटेनं वर येणाऱ्या बाईकडून. तानी, मंगळूबाबांची सून. तिच्या हातात पानात गुंडाळलेली भाकर होती. "माझा हाय," ती म्हणाली. "धूर नाय ना? नसंलच. एका घराच्या दोन चुली कशा होतील? तेची चूल तितं हाय." तिनं माझ्या मागे बोट दाखवलं.

मी वळले. खिंडीच्या बाहेर, माझ्याच बाजूला, शेताच्या कडेला राखणीचा माळा होता. त्याच्याजवळून मी आले होते आणि वर बघितलंही नव्हतं. तानीचा नवरा भगीरथ, मंगळूबाबांचा मुलगा, सुरतेच्या बाजूला रस्त्याच्या कामाला गेला होता. गाड्या मिळेनात म्हणून निम्मी वाट चालत आला. बापानं त्याला शिवेवर थांबवलं आणि कोजागिरीपर्यंत माळ्यावर राहायला सांगितलं. खाली तीन दगड मांडून दिले, तांदूळ दिले. तेव्हापासून तानी सासऱ्याकडे जेवत होती. आपल्या घरात तिनं चूल पेटवली असती तर नवरा-बायकोनं चूल वेगळी मांडली असं झालं असतं, आणि ती तसं होऊ द्यायला तयार नव्हती. "येकदा येगळी मांडली का मांडलीच," ती म्हणाली. तिनं भाकर दगडावर ठेवली, मागे सरकली आणि हाक मारली.

माळ्यावर घोंगडीखाली काही तरी हललं. तो खाली उतरला नाही. मी पिशवीतून उरलेल्या चार कॅप्सूल काढल्या, त्याच दगडावर भाकरीशेजारी ठेवल्या, आणि मला काय वाटत होतं ते मला नीट सांगता येणार नाही. मी आणि तो शिवेच्या एकाच बाजूला होतो, मध्ये दोरी नव्हती. वारा त्याच्याकडून माझ्याकडे येत होता हेही मी बघितलं.

"ताप आहे का?" मी लांबूनच विचारलं.

"अंग मोडलाय. लय चाल्लो." आवाज जड होता, झोपेतला किंवा तापातला. दोन्ही आवाज सारखेच येतात.

"काल चूल पेटवलीस?"

"काल तिनं भाकर आनली ना."

म्हणजे काल धूर नव्हता. मी तानीकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. मी तिला सांगितलं की मी धूर मोजून लिहिणार आहे, आणि तो कागद वाचणाऱ्याला सत्तावीस घरं आणि किती धूर एवढंच कळणार आहे. तिनं पदर कमरेला खोचला.

"उठ रे," ती ओरडली. "चूल पेटव. नाय तर ही बाय तुला मेला लिवंल."

"लाकडा भिजल्यान."

"अक्कल भिजली तुजी. माळ्याखाली गवत हाय, तां घे."

"भाकर हाय ना. चूल कशाला?"

"मला बघाचा हाय म्हनून," तानी म्हणाली. मंगळूबाबा काठी टेकून उभे होते. आपल्या मुलाकडे त्यांनी एकदाही मान वळवली नव्हती. ते वाडीच्या धुरांकडेच बघत होते, जणू तेही मोजत होते. वळणावरून अनंताची शिटी आली. मग पुन्हा. मग त्याचा आवाज: "मॅडम, काळोख व्हतंय. माज्या पोरांना बाप लागतो." मी त्याला थांब म्हणून हात केला.

थांबायचं म्हणजे काय करायचं ते मला येत नव्हतं. मी उभी राहिले, बसले, पुन्हा उभी राहिले. मालकांना धुराचं काय सांगायचं याची वाक्यं मनात जुळवली आणि मोडली. त्या मुंबईच्या व्यापाऱ्याला सत्तावीसपैकी सव्वीस म्हणजे काय वाटेल? तो एकाच घराबद्दल विचारेल. जगभर आता सगळे त्याच एका घराबद्दल विचारत असतील, आणि जे उत्तर देऊ शकतील त्यांचा माल जात असेल. मला एकदम वाटलं, गोष्ट एवढीच असेल का? माल थांबू शकला पाहिजे, वाटा दोन-चार पाहिजेत, आणि दोरीच्या अलीकडच्या माणसानं जे सांगितलं ते पलीकडच्यानं खरं मानलं पाहिजे. आणि मग अलीकडच्यानं खरं सांगायला हवं, नाही तर पुढच्या वेळी नुसती पांढरी पूड. माझ्या खिशात शेडचा शिक्का होता. सत्तावीस लिहायला काही सेकंद लागले असते. मंगळूबाबांनी अंगठा दिला असता धुराच्या आकड्याला, ते आकडा वाचू शकत नव्हते. हा विचार आला आणि मी तो डोळ्यांपुढे धरून ठेवला, आणि शिक्का खिशात आणखी खाली ढकलला.

घोंगडी पुन्हा हलली. भगीरथ माळ्यावरून उतरला, उतरताना दोन्ही हातांनी खांब धरून क्षणभर तसाच टेकून राहिला, मग खाली बसला. तानी दोरीच्या अगदी जवळ आली होती. तिचं पोट दोरीला लागत होतं आणि निरगुडीची पानं हलत होती. त्यानं गवत ओढलं. काडी ओढली, विझली. दुसरी ओढली. त्याच्या पाठीमुळे मला पुढचं दिसत नव्हतं. दरीतून धुकं वर येऊ लागलं होतं आणि मी स्वतःला बजावलं की धुकं खालून येतं, पसरट असतं. धूर एका जागेवरून निघतो. मी त्याच्या खांद्यावरच्या हवेकडे बघत राहिले. बराच वेळ तिथे काही नव्हतं. मग काही तरी होतं, बारीक, करड्या रंगाचं, आणि ते वाऱ्यानं वाकलं पण तुटलं नाही. मी शंभरपर्यंत मोजलं. ते तुटलं नाही.

"हाय," मंगळूबाबा म्हणाले. त्यांनी शेवटी मान वळवली होती. मी कागदावरचं मालकांचं वाक्य खोडलं, शिक्क्याची शाई आणि कागद दगडावर ठेवले आणि मागे सरकले; ते पुढे आले, मी काय लिहिणार आहे ते बोलून दाखवायला सांगितलं, दोनदा ऐकलं, मग अंगठा टेकवला आणि तोच अंगठा धोतराला पुसला. उजेड जात होता. मी कागद गुडघ्यावर घेतला आणि खोडलेल्या वाक्याखाली लिहिलं:

घरे सत्तावीस. संध्याकाळचे धूर: शिवेच्या आत सव्वीस, शिवेच्या बाहेर एक.